चंडोल काय म्हणाला

आमचे सर पक्ष्यांवर रुसायचे. माणसांवर रुसलेले मी त्यांना पाहिले नाही, पण एका पावसाळ्यात ते चंडोलावर रुसून बसले. सामरवरणी या आमच्या कारखान्यांच्या गावात त्यांच्या बिल्डिंगमागे मोकळा गवताळ माळ आहे. रोज सकाळी तिथे फेरी मारून यायचे आणि चहा पिताना बायकोला, म्हणजे काकूंना म्हणायचे, "वर उडतो, पाय सोडून खाली येतो, चोचही उघडतो, पण गात नाही. धुळीने घसा बसला असेल त्याचा."

एकदा काकू कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याचा घसा धडधाकट आहे. तुमचे कान गेलेत. काल मोबाइल उशाशी वाजत होता."

सरांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. त्यांचे तोंड बघता बघता माझी तव्यावरची पोळी करपली.

माणसांचे बोलणे त्यांना ऐकू येई, फक्त बारीक, टोकदार आवाज गेले होते. त्यांच्या नाशिकच्या मुलीने कानाचे मशीन आणून दिले. ते लावून माळावर गेले आणि परत येऊन कपाटात ठेवून दिले. म्हणाले, "यात गवतच जास्त बोलतं."

सर कोकणातले. इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि इथलेच झाले. चंडोल मी त्यांच्यामुळे पाहिला. दिसायला काही नाही, मातीच्या रंगाचा, चिमणीएवढा. गवतात बसला तर ढेकूळ वाटतो. उडाला की पंखात तांबूस रंग दिसतो. पावसाळा आला की नर गात गात उंच जातो, वर फडफडत राहतो आणि पंख उचलून, पाय लोंबकळत सोडून हळूहळू खाली येतो. घरटे जमिनीवरच, गवताच्या बुडख्याशी, वर गवताचीच टोपी. पिल्लांना दोघेही नाकतोडे भरवतात. पण थेट घरट्यावर कधी उतरत नाहीत. लांब उतरायचे आणि गवतातून चालत घरी जायचे. म्हणून सर कोणालाही त्या बाजूला बोट दाखवू देत नसत. "बोट दाखवलं की माणूस बघायला जातो. माणसाच्या मागे कुत्रं जातं," म्हणायचे.

चंडोल दुसऱ्यांच्या नकलाही करतो. आपल्या गाण्यात टिटवी घालतो, होला घालतो. या वर्षी त्याने कोणाकोणाचे आवाज उचलले हे सर दरवर्षी ऐकायचे, आणि आता तेच त्यांना मिळेना. एक दिवस मला म्हणाले, "मंगल, उद्या पोळ्या थोड्या उशिरा कर. माझ्याबरोबर चल."

मी चौथीनंतर शाळा सोडलेली. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. बाजारात भाव विचारायचा तरी माझ्या मुलीला पुढे करते. माळावर उभी राहिले, चंडोल गायला, खाली उतरला.

"कसा गायला?" सरांनी विचारले.

"चांगला."

"चांगली तर तुझी आमटीपण असते. नीट सांग."

मला जे येते त्यातलेच मी सांगितले. आधी फोडणीत मोहरी तडतडते तसे, मग ओल्या कपड्याने काच पुसल्यासारखे, मग टिटवी. सरांनी टाळीच दिली. "टिटवी! म्हणून दाखव."

मी पदर तोंडावर घेतला. ते थांबून राहिले. शेवटी खाली बघत मी ते सगळे तोंडाने काढले. माझा आवाज जाड आहे, चंडोलाचे बारीक त्यात कुठून येणार? पण म्हणूनच ते त्यांना ऐकू आले. सर डोळे मिटून उभे होते. माळाशेजारच्या कंपनीच्या गेटवरचा गुजराती वॉचमन काय झाले म्हणून धावत आला, "बेन, शुं थयुं?"

"काही नाही, गाणं चाललंय," सर म्हणाले.

मग हे रोजचेच झाले. सकाळी मी आधी माळावरून यायचे आणि पोळ्या लाटता लाटता सरांना चंडोल म्हणून दाखवायचे. काकू म्हणायच्या, "एक बहिरा, एक लाजाळू. छान जोडी जमलीय."

दोन पावसाळे असे गेले. मग सरांच्या पायांना सूज यायला लागली आणि मुलीने त्या दोघांना नाशिकला न्यायचे ठरवले. निघायच्या दिवशी ते माळापर्यंत चालू शकले नाहीत. गाडीत बसले होते, गेटपाशी सगळी बिल्डिंग जमली होती, माझे यजमान बॅगा चढवत होते. सरांनी काच खाली केली. "मंगल, आज काय म्हणाला?"

मी इकडेतिकडे पाहिले. सगळे माझ्याकडेच बघत होते. नाही म्हटले असते तर ते तसेच गेले असते. मी सुरू केले, मोठ्याने. कोणीतरी हसले आणि थांबले. यजमान बॅग हातात धरून उभेच राहिले.

"टिटवी लांबव," सर म्हणाले. "तो घाई करत नाही."

मी लांबवली. गाडी गेली.

थंडीत सर गेले. काकूंनी फोन करून कळवले.

या पावसाळ्यात माळाला तारेचे कुंपण पडले, पण आतले गवत अजून तसेच आहे. परवा सकाळी मी कुंपणापाशी उभी होते आणि काकूंचा फोन आला.

"कुठे आहेस गं?"

"माळावर. काकू, तो आत्ताच वर गेलाय. या वर्षी बुलबुल शिकलाय. थांबा, ऐकवते." तुमचे कान चांगले आहेत, असे म्हणून मी फोन वर धरला. तो गात खाली येईपर्यंत धरून ठेवला आणि परत कानाला लावला.

काकू म्हणाल्या, "त्याचं राहू दे. तू म्हण."

रस्त्यावर शिफ्टची माणसे बसची वाट बघत उभी होती. मी घसा साफ केला.