तळ्यातला गाळ

वडील गेले तेव्हा आमच्या गावचं तळं भरलेलं होतं. भरलेलं म्हणजे तरी काय, कमरेच्या वर पाणी त्यात कधी चढलंच नाही. म्हशी मधोमध उभ्या राहिल्या तरी पाठी कोरड्याच. पण वडिलांचा त्या तळ्यावर भारी जीव. "मला भीमेला न्हेऊ नगा, हितंच सोडा," असं त्यांनी बजावूनच ठेवलं होतं. म्हणून बाभळीच्या कोपऱ्यात पाण्यात उभं राहून मी त्यांची रक्षा सोडली. हे तळं कधी आटेल, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळा जन्म सोलापूरच्या दुष्काळी मुलखात काढलेले आम्ही शहाणे!

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते आटलं. गाळ काढायला जेसीबी आला. गाळ टाकला की रान सुधारतं, म्हणून ट्रॅक्टरांची रांग लागली. मी नोकरीला टेंभुर्णीत. आईचा फोन आला, "बाभळीकडचा गाळ आपल्या रानात टाकायचा हाय. लवकर ये की."

मी पोचलो तेव्हा त्या कोपऱ्यात नुसता खड्डा होता. तिथला गाळ आमच्या शेजारच्या रानवाल्याने नेला होता. याच माणसाशी बांधावरून वडिलांचा आयुष्यभर उभा दावा, आणि आता ते त्याच्याच रानात पसरले होते. मला आधी हसूच आलं. मग रडू आलं, ते काही केल्या आवरेना.

आई रिकामी पाटी घेऊन बांधापर्यंत गेली आणि थांबली. वडील असताना तिने तो बांध कधी ओलांडला नव्हता.

शेजारी रानात गाळ पांगवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने खोरं खाली टाकलं आणि पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

"वहिनी, मला ठावं न्हवतं वो. लागंल तेवढी माती न्या. मी सोता भरून देतो."

आई बांध ओलांडून आत गेली. खाली बसली. एक ढेकूळ हातात घेऊन बराच वेळ कुस्करत राहिली. त्यात माती कुठली आणि वडील कुठले, ते कुणी ओळखायचं? मग तिने ती भुकटी होती तिथेच हलकेच ठेवली आणि रिकामी पाटी उचलली.

"नगं भावजी," ती म्हणाली, "लई वणवण झाली त्येंची. आता हलवू नगा."