तोंडावर बोलणारी मावशी

आमच्या नारपोलीच्या चाळीतल्या मावशीनं जन्मात कुणाची पाठीमागे निंदा केली नाही. जी केली ती त्या माणसाच्या दारात उभं राहून, पदर खोचून. वर विचारायची, "मागनं बोलाया मी काय चोर हाय?" तिच्या या प्रामाणिकपणाला अख्खी चाळ टरकून होती.

आणि चोर निघाला तो नेमका तिचा धाकटा भाऊ. कापडाच्या लूमवर ड्युटी करता करता त्यानं शेठच्या सुताची पोती परस्पर विकली आणि जेलात जाऊन बसला. नातेवाइकांनी लगेच त्याचं नाव टाकलं. त्याच्याकडून फुकट चादरी नेणाऱ्यांनी तर सगळ्यांच्या आधी! मावशीचं मात्र एकच, "त्याला समोर उभा करून चार शब्द सुनावल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय."

भेटीचा अर्ज लिहायला मी सोबत गेलो. खिडकीतले साहेब म्हणाले, "कशाला हेलपाटे घालता? व्हिडिओ कॉलवर बोला की."

"फोनवर शिव्या लागत न्हाईत, साहेब!"

साहेबांनी आधार कार्ड पाहिलं. हिचं आडनाव सासरचं, त्याचं माहेरचं. "सख्खा भाऊ कशावरून?"

"असला नालायक उगाच कोन आपला म्हनून सांगंल?"

साहेब हसले, पण पुरावा मागितलाच. मावशी पडघ्याला माहेरी गेली आणि वहिनीशी भांडून बापाच्या वेळचं रेशनकार्ड घेऊन आली. तेव्हा कुठे अर्ज मंजूर झाला. भावासाठी नेलेली सुकटीची चटणी गेटवर अडवली, तिथंही दोन शब्द झालेच.

मी मावशीच्या शेजारीच उभा होतो. काचेपलीकडे भाऊ आला. पार वाळला होता. मावशीनं रिसीव्हर उचलला आणि सुटली. "मुडद्या, बाप उपाशी निजला, पर कुनाच्या काडीला हात लावला न्हाय! आन् तू? जेवतोस का न्हाय रे इथं? हाडं दिसाय लागली, मेल्या!" डोळ्यांना धार आणि तोंडाचा पट्टा चालूच. तो बिचारा सारखा कानाला हात लावत होता.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "बघितलंस? कान धरले त्यानं. सुधारला." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तो सुटायच्या आधीच मावशी गेली. दिवसकार्याला सगळी चाळ तिचं तोंडभरून कौतुक करत होती. अर्थात, पाठीमागे.

सुटल्यावर भाऊ थेट माझ्या दारात आला. म्हणाला, "तवा जेलातला तो फोन बंद होता रे. कानाला हात लावून सांगत होतो, कायच ऐकू येत न्हाय म्हनून. पर ती थांबंल तर शपथ!" समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय मावशीला कधी नव्हतीच.

मग त्यानं विचारलं, "काय म्हनत होती?"

मी सांगितलं. मुडद्यापासून मेल्यापर्यंत, एकही शिवी न गाळता. तो उंबऱ्यावर बसून, मान खाली घालून ऐकत राहिला. मी थांबलो तसा म्हणाला,

"आजून काय म्हनली?"