सुध्याला ते गाणं आवडत नव्हतं

सुध्या गेला त्या दिवशी मी त्याचा अपमान केला.

तीस सेकंदांचा. पार्श्वसंगीतासकट.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. कुणाला तरी सांगायला हवं म्हणून लिहितोय.

सदाशिव पेठेत आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. दोन कॉट, एक टेबल, एक टेपरेकॉर्डर. टेपरेकॉर्डर त्याचा, त्यामुळे गाणीही त्याचीच.

आणि त्याची गाणी म्हणजे पडलेल्या सिनेमांची. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, सगळ्यात शेवटी असलेली. गाणाऱ्यालाही आता आठवणार नाहीत अशी.

जे गाणं टपरीवर, रिक्षात, गणपतीत वाजतंय ते खोलीत लावायचं नाही. नियम म्हणजे नियम.

आम्ही त्याला छळायचो. "गाणं हिट झालं की सुध्याच्या कानात दडे बसतात."

मला तो शिष्टपणा वाटायचा. चारचौघांपेक्षा वेगळं दिसायचं, दुसरं काय?

एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "अरे, हिट गाणं न विचारता घरात घुसतं. आपलं काय चाललंय, आपण कुठल्या मूडमध्ये आहोत, त्याला काही घेणंदेणं नसतं. माझी गाणी गरीब आहेत बिचारी. मी बोलावलं तरच येतात."

मी म्हणालो, "बरं साहेब. आता जेवायला चला, मेस बंद होईल."

विषय तिथेच संपला. मी त्यावर पुन्हा कधी विचारही केला नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी मी धायरीत फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला सुध्या, मीनल वहिनी आणि त्यांची छोटी इरा आले होते. सुध्याची आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

दुपारी पंगत बसली. माझ्या भाचीने ब्लूटूथ स्पीकरवर त्या वर्षीचं ते गाणं लावलं. नाव लिहीत नाही. तुम्हा सगळ्यांना पाठ आहे.

सुध्या म्हणाला, "गाणं बदलायला सांग ना जरा."

"झालं याचं सुरू!"

"बदल रे. प्लीज."

मी म्हणालो, "ही तुझी खोली नाहीये. आज माझ्या घरी माझं चालणार." आणि भाचीला आवाज वाढवायला सांगितला. सगळे हसले.

सुध्या भरल्या पानावरून उठला. मसालेभात, जिलबी, सगळं तसंच. चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. वहिनीही इराचा हात धरून मागोमाग गेल्या.

माझे वडील म्हणाले, "वास्तूच्या दिवशी भरल्या पानावरून उठायचं? ही कुठली रीत?"

मलाही ते फार लागलं. संध्याकाळी मी कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं, "पुढील कार्यक्रमाच्या वेळी गाण्यांची यादी श्री. सुधीर यांच्याकडे मंजुरीसाठी आधी पाठवण्यात येईल."

हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला.

सुध्याने फक्त ग्रुप सोडला.

मी फोन केला नाही. चूक त्याची, तर फोन त्याने करायचा. आठ महिने मी हेच धरून बसलो.

मग एका सकाळी ऑफिसला निघताना, बूट घालता घालता तो गेला. हार्ट अटॅक. सेहेचाळीस वर्षांचा होता.

स्मशानातून घरी आलो. रडू येईना. काहीतरी करायला हवं म्हणून व्हिडिओ केला. खोलीतले जुने फोटो, खाली समई, "भावपूर्ण श्रद्धांजली". ॲपने ट्रेंडिंगमधलं एक गाणं सुचवलं.

तेच गाणं. फक्त संथ केलेलं, मागे बासरी. कुठलं गाणं आहे हे डोक्यातच आलं नाही. ऐकलं, डोळे भरून आले, पोस्ट केलं.

तासाभरात ते सगळ्यांच्या स्टेटसला होतं. त्याचं ऑफिस, सोसायटी, नातेवाईक.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, तो व्हिडिओ काढता का?"

"का वहिनी? काय झालं?"

"आई गेल्या ना, तेव्हा हॉस्पिटलमध्ये शेजारच्या बाकावर एका बाईंचा फोन वाजत होता. त्यांचा डोळा लागला होता. रिंगटोन हेच गाणं. डॉक्टर सुधीरला सांगत होते आणि त्याला ऐकूच येईना. 'काय? काय म्हणालात?' करत राहिला. आई गेली हे डॉक्टरांनी त्याला दोनदा सांगितलं."

वहिनी पुढे सांगू लागल्या.

"नंतर तर ते सगळीकडेच. रिक्षात, भाजीवाल्याकडे. इराच्या गॅदरिंगला लागलं तेव्हा हा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. तिचा डान्स बघितलाच नाही."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"तुमच्या घरी शुभकार्यात काय सांगणार होता? नंतर येऊन सांगणार होता. पण तुम्ही ग्रुपवर ते लिहिलंत."

व्हिडिओ मी लगेच काढला. म्हणजे माझ्याकडचा. इतरांना मेसेज केले. काहींनी काढला. काही म्हणाले, "का रे? छान झालाय की!"

तिथीने दहा-अकरा दिवसांपूर्वीच वर्षश्राद्ध झालं. मी गेलो होतो. खाली कुणाच्या तरी हळदीचा मांडव होता, स्पीकर चालू होते.

इरा आता सात वर्षांची आहे. गॅलरीतून धावत आली आणि माझा शर्ट ओढत म्हणाली, "काका, ऐका ना! बाबांचं गाणं लागलंय!"

आजोळी, आत्याकडे, ज्याच्या त्याच्या फोनवर वर्षभर तिने तो व्हिडिओ बघितलाय. फोटो बाबांचे आणि गाणं हे.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

मी म्हणालो, "हो गं. बाबांचंच."

सुध्या, तुझ्या लेकीला हे गाणं मी दिलं. आता ते तिच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत नाही.

जमलं तर माफ कर रे. तुला शेवटचा नमस्कार.