अर्ध्यावर अडकलेला काटा

ट्रॅक्टरच्या टाकीत तेल किती उरलंय ते दाखवणारा काटा दुरुस्त करणारा मिस्त्री कल्याणात तेव्हा एकच होता. काम करताना तो स्क्रू ओठांत धरून बोलायचा आणि येईल त्याला शेठ म्हणायचा. "नवीन पार्ट कशाला, शेठ? मी बसलोय ना!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझाही जुना ट्रॅक्टर त्याच्याच हाती असे.

एका सकाळी, त्याच्याकडूनच काटा दुरुस्त करून नेलेला खाडीकाठचा एक आगरी शेतकरी चिखलाने माखलेला त्याच्या टपरीवर आला. त्याचा ट्रॅक्टर खारजमिनीत तेल संपून बंद पडला होता आणि भरतीचं पाणी इंजिनावरून गेलं होतं.

"मिस्त्री, काटा अर्ध्याव व्हता, मंग गारी बंद कशी परली?"

"तुम्ही तेल बघून भरायला नको का, शेठ?"

शेवटी शेतकऱ्याने तो ट्रॅक्टर भंगारात काढला आणि मिस्त्रीनेच तो घेतला.

पुढे मी गेलो तेव्हा मिस्त्री तोच काटा खोलत होता. काटा हलू नये म्हणून आत पत्र्याची पाचर ठोकलेली होती. त्याने ती माझ्यादेखत उपसून फेकली, तबकडी रॉकेलने पुसली आणि म्हणाला, "अजून चांगलाय. तुमच्या गाडीला बसवू?"

मी तिथून निघालो. तेव्हापासून मी टाकीत काठी बुडवूनच तेल बघतो.