ढगाखालची जागा

सुप्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात अंटार्क्टिकाचे नकाशे तयार होतात, हे मी घरी अजून नीट समजावू शकलेले नाही. उपग्रहाने टिपलेल्या फोटोंवर आम्ही बर्फातल्या भेगा रेषा ओढून दाखवतो. तिथे जाणारी माणसं त्या भेगा टाळून आपली वाट ठरवतात.

माझ्या शेजारी पारनेरकडचे एक काका बसतात. भर उन्हाळ्यातही ते गळ्याला मफलर गुंडाळून कामाला लागतात. "दिवसभर बर्फ बगून घसा धरतोय," म्हणतात. थट्टा असावी, पण मला खात्री नाही. भेग सापडली की स्वतःशीच पुटपुटतात, "हां, हाय हितं."

परवा एका फोटोत मधोमध ढग आला होता. साहेब म्हणाले, "दोन्हीकडच्या भेगा अंदाजाने जोडून टाका. नकाशा आजच जायचाय. तिथं बघायला कोण जातंय?"

"बगायला न्हाई साहेब, चालायला जात्यात," काका म्हणाले. "ढगाखालचं मला दिसंना. मी काय काढनार?" त्यांनी ती जागा कोरी ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, ‘दिसत नाही’.

साहेबांनी ते काम त्यांच्याकडून काढून मला दिलं. मी नवी आहे. ही नोकरी टिकली तरच माझं कॉलेज चालेल. काका माझ्याकडे वळलेही नाहीत, पुढचा फोटो उघडून बसले. मी ढगाभोवती बराच वेळ माउस फिरवत राहिले. मग उठून साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "सर, मलाही दिसत नाही."