आकेंच्या आतल्या खिशातले वायपर

किरगिझस्तानातल्या आमच्या नारीन गावात तेमिरकुल-आके (आके म्हणजे आमच्याकडे दादा) नेहमी तिरके बसत. चहाला, लग्नाला, कुठेही. पाठीचं दुखणं नव्हतं. त्यांच्या कोटाला आतून, काखेपासून पार खालपर्यंत, एक लांबलचक खिसा होता आणि त्यात त्यांच्या झिगुली गाडीचे दोन वायपर असत.

आके घोड्यांचे डॉक्टर. नऊ वर्षं नंबर लावून त्यांनी ती पांढरी गाडी मिळवली आणि आठवड्याच्या आत बाजारात तिचे वायपर चोरीला गेले. जाणारच! कारखाना वर्षानुवर्षं तीच गाडी थोडं नाक-डोळे बदलून काढत राहिला. कुणाचेही वायपर कुणालाही बसत, आणि दुकानात औषधालाही मिळत नसत. मग गाडी लावली की वायपर काढून घ्यायचे, ही सगळ्यांचीच रीत झाली. आकेंच्या बायकोने, कालिपाने, त्यासाठी गादीच्या जाड कापडाचा खिसा शिवून दिला. पुढे सोव्हिएत राज्य गेलं, दुकानं भरली, लोकांनी रीत सोडली. आकेंनी नाही.

"आके, पाऊस आलाय, वायपरने चष्मा पुसा!" चहावाला ओरडायचा.

"तू आधी तुझे पेले पूस."

यंदा त्यांचा मुलगा मार्लेन बिश्केकहून आला तो ठरवूनच. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बाप एकटाच घाटातून गाडी हाकतो, याचा त्याला घोर. गाडी विकायची आणि आकेंनी शहरात येऊन राहायचं. गिऱ्हाईक शोधायचं काम शेजारी म्हणून माझ्या गळ्यात. मीही शहाणा, पलीकडच्या गावचा एक शाळामास्तर घेऊन आलो.

मास्तरांनी गाडीला चार प्रदक्षिणा घातल्या, खूश झाले. वरून भुरभुर सुरू झाली.

"आके, वायपर?"

आकेंनी कोटात हात घातला. हात आतच राहिला.

"ते विकायचे नाहीत."

"अहो, मग पावसात चालवू कशी?"

"पावसात हिंडता कशाला? मास्तर ना तुम्ही? पोरांना शिकवा!"

मार्लेन वैतागला. "बाबा, पोरखेळ पुरे! गाडीच राहणार नाही, तर वायपर काय करायचेत?"

"हा खिसा कुणी शिवलाय, ठाऊक आहे ना?" आकेंचा आवाज बारीक झाला. "मी गाडी लावून आलो की तुझी आई दारातच कोट चाचपायची. 'दोन्ही आहेत ना?' आता माझा मीच चाचपतो. तिकडे तुझ्या घरी काय चाचपू रे?"

मला माझीच लाज वाटली.

मार्लेनने पुढे होऊन बापाचा कोट वरून खाली चाचपला.

"दोन्ही आहेत," तो म्हणाला. "लावा गाडीला. मास्तरांना बसपर्यंत सोडून येऊ."