खाली सोडलेला पाइप

रस्त्यावर वीतभर पाणी साचलं की मी गाडी काढत नाही. आता माझी बदली नांदेडला झालीय, आणि इथल्या ऑफिसात मला हसतात. ‘मॅडम, एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं?’ हसू देत मेले. त्यांच्यापैकी कुणी पाण्यात इंजिन बंद पडताना ऐकलेलं नाही. मी ऐकलंय. भर दुपारी, हातात फाइल असताना ते मला अजून ऐकू येतं, आणि मग मी समोरच्या माणसावर विनाकारण खेकसते.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षाची गोष्ट. मी चाकूरच्या तहसीलला कारकून होते. तिथून आत आठ-दहा किलोमीटरवर आमचं गाव. घरात मी आणि आबा, दोघंच. आबा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी लग्न केलं नव्हतं. आबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. लघवी जवळजवळ बंदच, त्यामुळं प्यालेलं पाणी अंगात साठायचं, छातीत चढायचं. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर ठरवून दिलं होतं, चहासकट.

मी सकाळी एक बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवायचे. ती संपली की संपली. त्या बाटलीवरून किती भांडलेय मी! ‘घोटभर दे गं माय,’ म्हणाले की माझं टाळकं सरकायचं. ‘मरायचंय का तुम्हाला?’ असं तोंडावर म्हणायचे. म्हातारा माणूस खाली मान घालून ओट्यावर जाऊन बसायचा.

खरं सांगते, दुष्काळ पडला तेव्हा मला मनातून हायसं वाटलं होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं. टँकर येईल तेव्हा येईल, घरटी मोजून घागरी. शेजारणीसुद्धा पोरांना ‘अर्धाच गिलास’ म्हणून दटावायला लागल्या. आबा हसायचे. ‘बघ माय, आता सगळं गाव माझ्यासारखं झालंय.’ त्या उन्हाळ्यात त्यांनी एकदाही जास्तीचं पाणी मागितलं नाही. मला वाटलं, सवय झाली.

डायलिसिसलाही पाणी लागतं, आणि लई लागतं. लातूरच्या दवाखान्यात टँकर वेळेवर येईना, तेव्हा त्यांनी एक पाळी बंद केली. नेमकी आबांची. मग दोन महिने आम्ही नांदेडला जात होतो. ऑफिसात तेव्हा नव्या जिल्ह्याची चर्चा जोरात होती. भिंतीवरच्या नकाशावर सगळ्यांची बोटं फिरायची, हा तालुका इकडं, तो तिकडं. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण आबा रोज विचारायचे, ‘काय म्हणतोय नवा जिल्हा? जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतोय. मशीन जवळ येतंय.’ मी म्हणायचे, ‘येतंय, येतंय. तुम्ही आधी गोळी घ्या.’

गाडी माझी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, डिझेलवरची. भर उन्हात चढ आला की तिचा जीव जायचा. दोनदा आमचा नंबर हुकता हुकता राहिला. नंबर हुकणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात डायलिसिस आहे त्यालाच कळेल. शेवटी मी ती लातुरात औसा रोडला एका चाचांच्या गॅरेजवर नेली. चाचा साठीचे, हात पुसल्याशिवाय बोलायचे नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढून आपटला, तर मूठभर धूळ पडली.

‘गाडीला हवा मिळंना झालीय, ताई,’ ते म्हणाले. ‘वरची हवा इंजिनच्या वाफेनं तापलेली. आजकाल पोरं बाहेरचा पाइप बसवून घेतात. मोठा फिल्टर, आणि पाइपाचं तोंड खाली बंपरमागं. थंड हवा मिळती, गाडी पळती. पण कंपनीनं तोंड वर दिलंय ते पाण्याच्या भीतीनं. खाली सोडला तर पाण्यात घालायची न्हाई. सांगा, खाली सोडू का वरच ठेवू?’

मी गॅरेजच्या दारात उभी होते. समोर रस्त्यावर रिकाम्या घागरींची रांग लागली होती.

‘सोडा खाली,’ मी म्हणाले. ‘पाणी कुठंय हो चाचा लातुरात? दाखवा तरी मला.’

चाचा हसले. मीही हसले. जाताना ते एवढंच म्हणाले, ‘कधी पाण्यात बंद पडलीच, तर सेल मारू नका, किल्ली फिरवायचीच न्हाई. ढकलून बाहेर काढा आणि मला फोन करा.’ मी बरं म्हणाले. कोण लक्षात ठेवतंय?

गाडी पळायला लागली, हे खरं. पाय दाबला की पुढून सूंऽऽ असा आवाज यायचा. आबा खूश. निघताना मागच्या सीटवरून आरोळी द्यायचे, ‘डबल बेल!’ एसटीत दोनदा घंटी म्हणजे गाडी सोडा, एकदा म्हणजे थांबवा. उभा जन्म त्यातच गेला होता त्यांचा. डिकीत मी पाच लिटरचा पाण्याचा कॅन ठेवायचे, रेडिएटर तापला तर म्हणून. तो कॅन आबांच्या पाठीमागं हातभर अंतरावर असायचा. सगळा दुष्काळभर त्यांनी त्याला बोट लावलं नाही.

मग भादव्यात पाऊस लागला. तीन दिवस नुसता कोसळला. लातूरची पाळी तोवर पुन्हा सुरू झाली होती आणि आबांचा नंबर चौथ्या दिवशी सकाळी अकराचा होता. गावाबाहेरच्या ओढ्यावर फरशी आहे, बिनकठड्याचा बुटका पूल, तिच्यावरून गुडघ्याच्या जरा खाली पाणी वाहत होतं. दोन्ही काठांवर गाव लोटलं होतं. बाया ओढ्याची ओटी भरत होत्या, पोरं पाण्यात लोळत होती, माणसं ओंजळी भरभरून तोंडावर मारत होती. आबा काच खाली करून बघत बसले.

आमच्या पुढून एक जीप गेली. तिच्यामागं माझ्यासारखीच, माझ्याच कंपनीची गाडी गेली, आरामात. मी म्हणाले, ही गेली तर आपली का नाही? घातली.

निम्म्यात गेल्यावर तो सूंऽऽ आवाज बदलला. खुळखुळ झाली, मग एक दणका बसला आणि गाडी मेली. मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. घड्याळात सव्वादहा. माझ्या डोक्यात फक्त अकरा वाजत होते. मागून आबा हळूच म्हणाले, ‘सिंगल बेल, माय. थांब जरा.’

‘गप्प बसा हो आबा!’ मी ओरडले, आणि पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा. पुन्हा. चाचांचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं, तरी फिरवली.

शेवटी चार जणांनी ढकलून गाडी पलीकडच्या काठाला लावली. फोनला रेंज नाही. मी आबांना म्हणाले, ‘हलू नका. मोठ्या रस्त्यावरून जीप घेऊन येते.’ आणि साडी खोचून चिखलातून निघाले. पाऊण तासाचं काम, पण त्या दिवशी कुणी गाडी काढायला तयार नव्हतं. जो तो पाणी बघायला गेलेला. मला जीप घेऊन यायला तीन तास लागले.

आले तेव्हा आबा गाडीचं दार उघडून, पाय बाहेर सोडून बसले होते. सदऱ्याचा पुढचा भाग ओला. पायाशी कॅन आडवा, रिकामा.

‘हे काय?’

‘लवंडला गं,’ आबा म्हणाले. ‘सांडलं सगळं.’

त्यांच्या मिशीला थेंब होते. आणि तोंडावर असं समाधान, की आई गेल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं. पायाखालची माती ओलीच होती, सगळीकडंच ओली होती, तेव्हा सांडलं म्हणायला काय हरकत? मी पुढं विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं. पोरीनं म्हाताऱ्याला पाण्याशेजारी तीन तास एकटं टाकलं, त्याला मी काय विचारणार होते?

दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. नंबर दुसऱ्याला गेला होता. तिथली सिस्टर कावलेली, पावसानं सगळेच पेशंट उशिरा आलेले. ती म्हणाली, ‘उद्या सकाळची पहिली पाळी देते. दम लागतोय का आजोबा? पाणी जास्त प्यायला नाहीत ना?’ मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘प्याले असतील तर आत्ताच सांगा. कुणाला तरी थांबवून यांना आधी घेते.’

आबा माझ्याकडं बघत होते. आदल्या आठवड्यात वजन वाढलं म्हणून याच सिस्टरनं त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि तिच्या जोडीनं मीही. ते डोळे मला अजून दिसतात. नको सांगू माय, एवढंच होतं त्यांत.

मी म्हणाले, ‘नाही हो सिस्टर. अर्ध्या लिटरच्या वर थेंब नाही.’

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पाठीशी घातलं. नेमकं तेव्हाच.

रात्र आम्ही लातुरात मावशीकडं काढली. उशी उंच करून झोपतो म्हणाले, मी दोन उशा दिल्या. सकाळी पाळीला निघताना चपला घालायला वाकले, तेव्हा दम लागला. रिक्षा येईपर्यंत ओठ निळे पडले. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच आबा गेले. सिस्टर पळत आली होती. तिनं मला काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. सगळे म्हणाले, ओढ्याला पूर आला, त्याला तू काय करणार?

सगळं उरकल्यावर पंधरा दिवसांनी मी चाचांच्या गॅरेजवर गेले. गाडी कुणीतरी ट्रॅक्टरला बांधून तिथं पोचवली होती. आबा गेल्याचं चाचांना माहीत नव्हतं, मी सांगितलंही नाही. त्यांनी फिल्टर काढून तिरपा केला, तर आतून गढूळ पाणी पडलं. एवढ्या दिवसांनंतरही.

‘हवा दबती ताई, पाणी दबत न्हाई,’ ते म्हणाले. ‘पिस्टन वर येतो आणि पाण्यावर आपटतो. नुसती बंद पडली असती, तर पाणी काढून बघितलं असतं. सेल मारला का?’

मी खाली पडलेल्या गढूळ पाण्यावर चपलेनं माती ओढली.

चाचांनी फडक्यानं हात पुसले. ‘मी रागावणार न्हाई. खरं सांगा. किती वेळा मारला?’

‘आठ-दहा वेळा,’ मी म्हणाले. ‘जास्तच असेल. तुम्ही नको म्हणालेलं आठवत होतं मला, तरी मारला.’

‘बरं झालं सांगितलं,’ चाचा म्हणाले. ‘आता मला कळलं, कुठून हात घालायचा ते. लोक लपवतात, मग उशीर होतो.’

मी तिथंच, टायरांच्या ढिगावर बसून रडायला लागले. आबा गेल्यापासून रडले नव्हते, ते सगळं तिथं बाहेर पडलं. चाचा बिचारे घाबरले. माठातलं पाणी घेऊन आले, गिलास माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले.

‘अहो ताई, असं काय करता,’ ते समजावत राहिले. ‘इंजिनच हाय ते. दुसरं बसवता येतंय.’